सगळ्या संतांचा एकच दिवस

कॅथलिक मंडळींच्या कॅलेंडरात संत जोसेफचा सण 19 मार्चला आणि संत फ्रान्सिस झेवियरचा 3 डिसेंबरला असतो. मग 1 नोव्हेंबरला ‘सर्व संतांचा सण’ कशाला? सगळे एकदम?

कारण जरा दुःखाचं आहे. रोमन बादशाहीत ख्रिस्ती धर्म पाळला म्हणून माणसांना ठार मारत. अशा हुतात्म्याला संत मानून त्याची पुण्यतिथी दरवर्षी थडग्यापाशी पाळायची रीत होती. पण 303 साली डायोक्लेशियन बादशहानं असा छळ मांडला, की वर्षाचे दिवस अपुरे पडले. कित्येकांची नावंही कुणाला ठाऊक नव्हती. म्हणून सगळ्यांचा मिळून एक दिवस पाळायची पद्धत पडत गेली. 609च्या सुमारास, 13 मे रोजी, पोप चौथे बोनिफेस यांनी रोममधल्या पँथिऑन या जुन्या देवळाचं चर्च केलं, मेरीमाता आणि सर्व हुतात्म्यांच्या नावानं. ते अजून उभं आहे. घुमट 43 मीटर रुंद, काँक्रीटचा, आत एकही लोखंडी सळई नाही, आणि माथ्यावर चक्क उघडं भोक! पाऊस थेट आत पडतो, म्हणून फरशीलाही बारीक भोकं आहेत. 1 नोव्हेंबर ही तारीख आठव्या-नवव्या शतकात ठरली. तिच्या आदल्या रात्रीचं हॅलोविन तुम्ही कार्टूनमध्ये पाहिलंच असेल.

पण अमका संत आहे, हे ठरवायचं कुणी?

आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला याची झकास गोष्ट सांगतात. गोरोबाकाका कुंभारांकडे संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी थापटणं बघून विचारलं, “काका, हे काय?” “मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं.” “मग आमचीही परीक्षा घ्या ना!” काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले, नामदेव मात्र चिडले. काका म्हणाले, “हे मडकं कच्चं!”

मडक्याची परीक्षा मात्र तुम्हीही करू शकता. आव्यात भाजलं की मातीतलं पाणी निघून जातं, कण एकमेकांना घट्ट चिकटतात आणि टिचकी मारली की सगळी भिंत एकदम थरथरते: टण्! कच्चं किंवा तडकलेलं मडकं नुसतं ‘भद्’ करतं. आजी माठ वाजवून घेते ती उगाच नाही.

कॅथलिक चर्चची परीक्षा फार लांबते. साक्षी घेतात, कागद तपासतात, कुणी चमत्कारानं बरं झालं म्हणाला तर डॉक्टरांनाही विचारतात. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमध्ये, नागासाकीला, पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारले गेले. त्यांना संतपद मिळालं 1862 साली, म्हणजे 265 वर्षांनी! भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. आणि ज्यांची अशी चौकशी कधी झालीच नाही, त्या भल्या माणसांचाही 1 नोव्हेंबर. मला हा सण आवडतो तो यासाठी.

आणि हो, जानेवारी 2020मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, भरलं. संमेलननगरीला नाव होतं संत गोरोबाकाकांचं आणि अध्यक्ष होते वसईचे कॅथलिक धर्मगुरू, फादर फ्रान्सिस दिब्रिटो.