जखीण जेव्हा नायिका होते

"तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून काय हिंडतेस जखिणीसारखी?"

मैत्रिणींनो, हे वाक्य तुम्हीही कधी ना कधी ऐकलं असेलच. जखीण हा शब्द आला यक्षिणीवरून. केरळात हीच बाई 'यक्षी' म्हणून ओळखली जाते. रात्री वाटसरूला गाठायचं, गोड बोलून पानाला चुना मागायचा आणि मग त्याचं रक्त प्यायचं, हा तिचा उद्योग! तिथली सगळ्यात गाजलेली यक्षी म्हणजे कळ्ळियंकाट्ट नीली. एका पाद्र्याने मंत्रविद्येने तिला वश केलं, अशी दंतकथा आहे. थोडक्यात काय, मोकळी फिरणारी बाई वाईट आणि तिला आवरणारा पुरुष थोर.

ही गोष्ट उलटी करून सांगायचं धाडस डॉमिनिक अरुण या दिग्दर्शकाने केलं. 'लोका : चॅप्टर वन – चंद्रा' हा त्याचा मल्याळम सिनेमा ऑगस्ट 2025मध्ये आला. लेखनात त्याच्या जोडीला शांती बालचंद्रन होती. यातली नीली बळी घेणारी नाही, वाचवणारी आहे. ती आदिवासी घरातली पोर. राजाच्या जुलमाविरुद्ध उभी राहते आणि शेकडो वर्षांनी चंद्रा या नावाने बंगळूरला येते. दिवसा झोपते आणि रात्री कॅफेत नोकरी करते. पाठीवर उडणारा झगा नाही की अंगावर झगमगता पोशाख नाही. समोर आहे तो बाईला तुच्छ लेखणारा पोलीस इन्स्पेक्टर आणि माणसांचे अवयव विकणारी टोळी. हे शत्रू काही परग्रहावरचे नाहीत, हो ना?

चंद्रा झाली आहे कल्याणी प्रियदर्शन. आपल्याला 'हेराफेरी' देणारे दिग्दर्शक प्रियदर्शन आणि अभिनेत्री लिसी यांची ही लेक. अशा घरातली मुलगी थेट नायिका म्हणून उभी राहिली असती तरी कोणाला नवल वाटलं नसतं. पण न्यूयॉर्कला वास्तुकलेचं शिक्षण घेऊन ती आधी पडद्यामागे गेली. 2013च्या 'क्रिश 3'मध्ये तिने कलाविभागात सहाय्यकाचं काम केलं. म्हणजे दुसऱ्याच्या सुपरहिरोसाठी सेट उभारले आणि बारा वर्षांनी स्वतःच सुपरहिरो झाली!

2017मध्ये तेलुगू 'हॅलो'तून ती पडद्यावर आली. 'हृदयम'मधल्या समंजस बायकोच्या भूमिकेत ती प्रेक्षकांना आवडली. तशाच गोड भूमिका करत राहणं सोपं होतं. पण 2023मध्ये ती फुटबॉलचं समालोचन करायचा ध्यास घेतलेली मलप्पुरमची फातिमा झाली आणि मग 'लोका'साठी मारामारीचं रीतसर प्रशिक्षण घेऊन चंद्रा. यात ती फारशी हसत नाही, लाजत नाही, कमी बोलते. नायिकेला हे शोभतं का, असा प्रश्न प्रेक्षकांना पडलाच नाही. दुल्कर सलमानच्या संस्थेने बेताच्या खर्चात काढलेल्या या सिनेमाने जगभरात तीनशे कोटींच्या वर गल्ला जमवला. तोवरच्या मल्याळम सिनेमांत हा विक्रम ठरला. 'बाईच्या नावावर तिकिटं खपत नाहीत' म्हणणाऱ्यांना याहून वेगळं उत्तर काय द्यायचं?

खरी उत्सुकता आहे ती पुढची. सप्टेंबर 2025मध्येच दुसऱ्या भागाची घोषणा झाली. त्याच्या केंद्रस्थानी आहे चात्तन, म्हणजे टोविनो थॉमस. 2021च्या 'मिन्नल मुरली'त खेड्यातला शिंपी सुपरहिरो रंगवणारा तोच हा नट. तो उत्तमच करेल, पण मनात एक धाकधूक आहे. नवे वीर आले की चंद्राला कोपऱ्यात तर बसवणार नाहीत ना? आपल्याकडे कर्त्या बाईचं अनेकदा असंच होतं. पडत्या काळात घर तिने सावरायचं आणि बरे दिवस आले की पुढे दुसऱ्यांनी बसायचं.

तसं होऊ नये. कारण सिनेमा बघून उठलेल्या एखाद्या शाळकरी पोरीला उद्या कोणी "जखिणीसारखी काय हिंडतेस?" असं दटावलं, तर ती केस न बांधता हसून म्हणेल, "हो, आहेच मी जखीण!"