बिनतारी छपाई : घरचा प्रिंटर वाय-फायला कसा जोडावा



बाभुळगाव तालुक्यातल्या एका खेड्यात माझे एक स्नेही शिक्षक आहेत. चाचणी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. म्हणाले, "सर, पेपर मोबाइलात तयार आहे, प्रिंटरमध्ये कागद भरला आहे, पण प्रिंटर काही ऐकून नाही राहिला. नुसता दिवा लुकलुकून राहिला. आज नेटही धड नाही, म्हणूनच छपाई बंद पडली असन."

मी दूर होतो. फोनवरून काही जमले नाही. शेवटी गुरुजींनी तो पेपर मोबाइलवरून तालुक्याच्या एका दुकानात पाठवला, प्रती काढून घेतल्या आणि ते घरी परतले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी उरलेले पैसे द्यायला ते दुकानात गेले, तो काय! कालचा पेपर दुकानातल्या संगणकाच्या पडद्यावर तसाच उघडा, आणि समोरच्या बाकावर त्यांच्याच वर्गातला एक मुलगा बसलेला. मुलाने पेपर वाचला की नाही, कोणी सांगावे? दुकानदाराच्याही मनात काही वाईट नव्हते. पण गुरुजींनी छापलेला गठ्ठा कपाटात ठेवला आणि फळ्यावर नवे प्रश्न लिहून परीक्षा घेतली.

ही गोष्ट एकट्या गुरुजींची नाही. आज शेतकऱ्याचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळतो. ही सोय महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून सुरू झाली. पीकविम्याची पावती, आधारची प्रत, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, सारे काही मोबाइलात येते. पण कागदावर उतरवायचे म्हटले की आपण ते दुसऱ्याच्या मोबाइलवर पाठवतो, आणि आपले काम झाल्यावरही ते तिथेच राहते. घरात प्रिंटर असेल आणि तो नीट जोडलेला असेल, तर घरचा कागद घरातच राहील. म्हणून ही जोडणी कशी होते, आणि का बिघडते, ते आज समजून घेऊ.

प्रथम 'बिनतारी' म्हणजे काय ते पाहू. आपणा रेडिओच्या श्रोत्यांना हे सांगणे सोपे आहे. रेडिओला केंद्रापासून तार आलेली नसते, लहरी येतात. वाय-फाय ही त्याच कुळातली. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात अशाच लहरींच्या जोरावर भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली होती, आणि त्यांच्या प्रयोगांतल्या लहरी फार आखूड, काही तर अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या होत्या. वाय-फायची लहरही आखूडच. नागपूर केंद्र आपण वर्षानुवर्षे ५८५ किलोहर्ट्‌झवर ऐकत आलो. त्या लहरीची लांबी पाचशे मीटरांहून अधिक. वाय-फायचे मुख्य पट्टे दोन : एक २.४ गिगाहर्ट्‌झचा, ज्याची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरची, म्हणजे अर्ध्या वितीएवढी. आणि दुसरा ५ गिगाहर्ट्‌झचा, ज्याची लहर सुमारे सहा सेंटिमीटरची, चार बोटांहून थोडी कमी. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

वडीलधाऱ्यांना आठवत असेल, एके काळी घरात रेडिओ ठेवायचा तरी पोस्टातून परवाना काढावा लागे. वाय-फायच्या डब्याला तसा परवाना आपल्याला काढावा लागत नाही, कारण २००५ साली भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याच्या अटीतून मोकळा केला. शक्ती कमी, म्हणून पल्लाही घरापुरताच.

आता मुख्य मुद्दा. गुरुजी म्हणाले, नेट नाही म्हणून छपाई बंद. पुष्कळांचा असाच समज असतो. पण वाय-फाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असे समजा की आपल्या घरातला वाय-फायचा डबा, ज्याला राऊटर म्हणतात, तो गावचा पोस्टमन आहे. मोबाइल हे एक घर, प्रिंटर हे दुसरे घर, दोन्ही एकाच गावात. मोबाइलने चिठ्ठी दिली, पोस्टमनने ती उचलली आणि प्रिंटरच्या दारात टाकली. ही चिठ्ठी यवतमाळला जातच नाही. इंटरनेट म्हणजे यवतमाळचा रस्ता. पावसाळ्यात पुराने तो रस्ता बंद झाला, म्हणून गावातल्या गावात चिठ्ठी पोचायची थांबते का? नाही. तसेच नेट गेले तरी मोबाइलात असलेला कागद घरच्या प्रिंटरवर छापून निघतो. अट एकच : दोघे एकाच गावचे हवेत, म्हणजे मोबाइल आणि प्रिंटर एकाच राऊटरला, एकाच नावाच्या वाय-फायला जोडलेले हवेत. याला अपवाद आहेत. काही प्रिंटर पहिल्या जोडणीच्या वेळी इंटरनेट मागतात, आणि काही थोडे तर कायमचीच तशी अट घालतात. आपल्याकडे नेटचा भरवसा नसेल तर विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला हे स्पष्ट विचारावे.

मग जोडायचे कसे? राऊटर चालू करा. त्याच्या बुडाशी किंवा पाठीवर एक चिठ्ठी असते, तिच्यावर वाय-फायचे नाव आणि पासवर्ड लिहिलेला असतो. तुम्ही तो बदलला असेल तर अर्थात तुमचा बदललेला पासवर्ड. तो वहीत उतरवून घ्या. इंग्रजी मोठी लिपी आणि लहान लिपी यांत फरक धरला जातो; मोठ्या 'ए'च्या जागी लहान 'ए' चालत नाही. निम्मे लोक इथेच अडतात.

प्रिंटरला छोटा पडदा असेल तर त्यावर सेटिंग किंवा नेटवर्क असे सदर शोधा, त्यात वायरलेस सेटअप निवडा. प्रिंटर आसपासच्या वाय-फायची नावे दाखवील. आपले नाव निवडा, पासवर्ड भरा. लुकलुकणारा दिवा स्थिर झाला की जोडणी झाली असे समजावे.

पडदा नसेल तर दोन वाटा आहेत. पहिली वाट बटणाची. पुष्कळ राऊटरवर डब्ल्यू.पी.एस. असे लिहिलेले बटण असते. प्रिंटरच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे त्याचे वाय-फायचे बटण दाबून धरा, आणि दोन मिनिटांच्या आत राऊटरचे बटण दाबा. दोघांची ओळख पटते, पासवर्ड लिहावा लागत नाही. दोन मिनिटे उलटली तर पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी वाट मोबाइलची. प्रिंटरच्या कंपनीचे ॲप मोबाइलात घ्या. नवा प्रिंटर आपले स्वतःचे एक तात्पुरते वाय-फाय सुरू करतो. मोबाइल थोडा वेळ त्याला जोडला जातो, आपल्या घरच्या वाय-फायचे नाव व पासवर्ड त्याच्या कानात सांगतो आणि परत फिरतो. इथे एक गंमत होते. मोबाइलच्या लक्षात येते की प्रिंटरच्या वाय-फायवर इंटरनेट नाही, आणि तो आपल्याला न विचारता सिमकार्डाच्या डेटावर उडी मारतो. जोडणी अर्ध्यातच तुटते. म्हणून ॲप आधी उतरवून घ्यावे, आणि या कामापुरता मोबाइल डेटा बंद ठेवावा. ॲपने 'लोकेशन'ची परवानगी मागितली तर दचकू नका. जवळची उपकरणे शोधायला अँड्रॉइड फोनवर ती पुष्कळदा लागते. काम झाल्यावर परवानगी काढून घेता येते.

जोडणी झाल्यावर छपाई सोपी. ॲपलच्या फोनमध्ये २०१० पासून आणि अँड्रॉइड फोनमध्ये आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, प्रिंटर शोधण्याची सोय मुळातच आहे. कागद उघडायचा, प्रिंट म्हणायचे, यादीतून आपला प्रिंटर निवडायचा.

आता बिघाडाकडे वळू. माझ्या अनुभवात बहुतेक तक्रारी तीन कारणांनी होतात.

पहिले कारण पट्ट्याचे. घरी वापरायचे पुष्कळ प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा ओळखतात. राऊटर मात्र दोन नावे दाखवतो, त्यांतल्या एकाच्या शेवटी '५ जी' असे लिहिलेले असते. ते नाव अशा प्रिंटरला दिसतच नाही. साधे नाव निवडा. शिवाय लहर जितकी आखूड, तितकी ती भिंतीत लवकर दमते. आपल्याकडच्या जाड मातीच्या भिंतीतून चार बोटांची लहर फारशी पार होत नाही, अर्ध्या वितीची त्यातल्या त्यात होते. टिनाचा पत्रा आणि लोखंडी कपाट तर लहर परतच फिरवतात. म्हणून राऊटर उंच आणि घराच्या मध्यावर ठेवावा, आणि प्रिंटर कपाटाआड ठेवू नये.

दुसरे कारण विजेचे. वीज जाऊन परत आली की राऊटर सगळ्यांना घरक्रमांक नव्याने वाटतो. काल प्रिंटरचा क्रमांक पाच होता, आज तो आठ झाला. संगणक बिचारा पाच नंबरचेच दार ठोठावत बसतो आणि 'प्रिंटर ऑफलाइन' असे सांगतो. उपाय साधा आहे. आधी राऊटर चालू करा, दोन-तीन मिनिटे थांबा, मग प्रिंटर चालू करा, आणि यादीतून तो पुन्हा निवडा. कायमचा उपाय म्हणजे राऊटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक क्रमांक राखून ठेवणे. जाणत्या मुलाकडून हे काम एकदाच करून घ्यावे.

तिसरे कारण राऊटर बदलल्याचे. आणि इथे आपले गुरुजी पुन्हा भेटतात. पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. विचारले, "गुरुजी, इतक्यात काही नवे आणले का?" म्हणाले, "काही नाही. मागल्या हप्त्यात जुना डबा जळला होता, तो बदलून दिला." झाले, उत्तर मिळाले! नव्या डब्याचे नाव नवे, पासवर्ड नवा. गुरुजींनी मोबाइल नव्याला जोडला, प्रिंटरला मात्र कोणी काही सांगितलेच नाही. तो आठ दिवस जुन्या नावाला हाका मारत होता. म्हणून दिवा लुकलुकत होता. नेटचा त्यात काहीच दोष नव्हता. आम्ही नव्या राऊटरला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला. मोबाइलला परत जोडून घ्यावे लागले, पण प्रिंटरला हातसुद्धा न लावता त्याचा दिवा स्थिर झाला. गुरुजींनी राऊटरची इंटरनेटची तार माझ्यासमोर काढून ठेवली आणि मोबाइलातली हजेरी छापून पाहिली. कागद बाहेर आला. ते हसले आणि म्हणाले, "सर, हे तेव्हाच माहीत असतं तर!"

शेवटी थोडे दाराच्या कडीविषयी. घरचा कागद घरात राहावा म्हणून हा खटाटोप. मग दारच उघडे ठेवून कसे चालेल? वाय-फायला पासवर्ड हवाच, आणि तो मोबाइल नंबर किंवा मुलाचे नाव असा नसावा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि पाहुण्यांना वाय-फाय द्यायचे तर पुष्कळ राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नाव ठेवता येते, ते द्यावे. मात्र आपला प्रिंटर मुख्य नावालाच जोडावा. डब्ल्यू.पी.एस.चे बटण ठीक, पण त्याचाच आठ आकडी क्रमांकाचा प्रकार कच्चा असल्याचे २०११ च्या डिसेंबरात उघड झाले. तो राऊटरमध्ये बंद करून ठेवावा. आणि प्रिंटर विकायचा किंवा दुरुस्तीला द्यायचा असेल तर 'फॅक्टरी रिसेट' करूनच द्यावा, कारण आपल्या वाय-फायचा पासवर्ड त्याच्या पोटात असतो.

आणखी एक. प्रिंटरसाठी यू.एस.बी.ची एक तार घेऊन टेबलाच्या खणात ठेवावी. बिनतारी यंत्र कितीही चांगले असले तरी परीक्षेच्या आदल्या रात्री तारेसारखा भरवसा नाही.

शिक्षकांना माझे एक सांगणे आहे. ही जोडणी स्वतः एकट्याने करू नका. सातवी-आठवीच्या दोन-चार मुलामुलींना शेजारी उभे करून करा. लहरीची लांबी, भिंतीचा अडथळा, पत्ता आणि पोस्टमन हे सारे त्यांना डोळ्यांनी दिसेल. आणि पुढे गावात कोणाचा दिवा लुकलुकू लागला, तर 'नेट गेले' असे म्हणून ती मुले थांबणार नाहीत. ती विचारतील, "काका, मोबाइल आणि प्रिंटर एकाच वाय-फायवर आहेत ना?"