उणे चाळीस अंशांतली वायर

अलास्कातल्या फेअरबँक्स शहरात वाहनतळावर गाड्यांच्या रांगेसमोर आडवे कठडे असतात आणि त्यांवर विजेचे सॉकेट. गाड्या पेट्रोलच्या किंवा डिझेलच्या, तरीही त्यांच्या पुढच्या जाळीतून एक थ्री-पिन प्लग बाहेर लोंबत असतो. जानेवारीत तिथे पारा उणे चाळीसला टेकला तरी कुणाला नवल वाटत नाही. (निफाडला तो दोन-तीन अंशांवर आला की आपल्याकडे पहिल्या पानावर फोटो येतो.) एवढ्या थंडीत इंजिनातले ऑइल घट्ट होते, बॅटरीचा जोर ओसरतो आणि गाडी सुरूच होत नाही. म्हणून सुरू करण्याआधी काही तास इंजिनाला विजेवर ऊब द्यावी लागते. नॉर्थ डकोटा राज्यातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिनात बसवायचा असा हीटर तयार केला आणि १९४९ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. हीटर गाडीत, सॉकेट कठड्यावर आणि दोहोंच्या मध्ये बर्फात पडलेली एक एक्स्टेन्शन वायर.

वाहनतळावरची वायर निदान एका जागी पडून असते. कॅनडातल्या विनिपेग, एडमंटन किंवा फोर्ट मॅकमरेच्या बांधकामावरची वायर दिवसभर ओढली जाते, बुटांखाली येते, मचाणाच्या कडेवर घासते आणि संध्याकाळी पुन्हा गुंडाळली जाते. बॅटरीवर चालणारी ड्रिल आणि ग्राइंडर आल्यापासून वायरीची गरज संपली असे वाटेल. पण लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर आत धातूचा थर साचून ती कायमची खराब होते, त्यामुळे चार्जर उबदार खोलीत ठेवावा लागतो आणि ती खोली उबदार ठेवायलाही वीज लागते. त्यात काँक्रीटचे वेगळेच लाड. चार-पाच अंशांच्या खाली त्याचे जमणे मंदावते आणि ओले असतानाच गोठले तर ते कायमचे कमकुवत राहते. म्हणून ताज्या स्लॅबभोवती ताडपत्रीचे तंबू ठोकून आत हीटर आणि पंखे लावतात. हिवाळ्यात साइटवर वायरी वाढतात, त्या अशा.

या वायरीचे थंडीत नेमके काय बिघडते? तांबे तर बिघडत नाहीच, उलट सुधारते. तापमान एका अंशाने उतरले की तांब्याचा विद्युतरोध सुमारे ०.४ टक्क्याने कमी होतो. वीस अंशांवरून उणे तीसवर गेलेली तार जवळपास वीस टक्के कमी रोधाने वीज वाहून नेते. हरते ते वरचे आवरण. वायर निवडताना ग्राहक तांब्याची जाडी पाहतो, सॉकेट किती ते पाहतो, रंगसुद्धा पाहतो, पण ज्या एका गोष्टीवर तिचे हिवाळ्यातले आयुष्य अवलंबून असते त्या आवरणाची चौकशी फारसे कुणी करत नाही.

स्वस्त वायरीचे आवरण म्हणजे पीव्हीसी. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑइगेन बाउमान यांना ते १८७२ मध्ये उन्हात राहिलेल्या काचपात्रात पांढऱ्या घन पदार्थाच्या रूपात सापडले. पण तो पदार्थ इतका कडक आणि ठिसूळ होता, की त्याचे काय करावे हे पुढची पन्नास वर्षे कुणाला कळले नाही. १९२६ मध्ये ओहायोतल्या अॅक्रन शहरात, बी. एफ. गुडरिच कंपनीच्या प्रयोगशाळेत, वॉल्डो सेमन हे रबर धातूला चिकटवणारा गोंद शोधत होते. उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात त्यांनी पीव्हीसी तापवले. गोंद काही झाला नाही, पण हाती आला तो रबरासारखा लवचीक, पाणी न शिरणारा आणि वीज अडवणारा पदार्थ. आपल्या घरातल्या बहुतेक वायरी आजही याच शोधावर चालतात.

म्हणजे पीव्हीसीचा मऊपणा त्याचा स्वतःचा नाही, तो मिसळलेल्या प्लॅस्टिसायझरचा आहे. शुद्ध पीव्हीसी सुमारे ऐंशी अंशांखाली काचेसारखे कडक असते. प्लॅस्टिसायझरचे लहान रेणू त्याच्या लांब साखळ्यांच्या मध्ये शिरतात, साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात आणि कडकपणाची ही सीमा शून्याच्याही खाली ढकलली जाते. किती खाली, हे कोणता प्लॅस्टिसायझर आणि किती घातला यावर ठरते. थंडीसाठी अॅडिपेट जातीचे द्रव्य वापरतात, ते नेहमीच्या थॅलेटपेक्षा महाग पडते. खोबरेल तेल डिसेंबरात एका ठरावीक अंशाला थिजते आणि ऊन लागले की वितळते, तशी इथे ठळक रेषा नसते. वायर आधी आखडते, मग ताठ होते, मग वाकवली की तडकते आणि या पायऱ्या वीस-पंचवीस अंशांच्या पट्ट्यात पसरलेल्या असतात. आणखी एक गोष्ट दुकानात दिसत नाही: ऊन आणि उष्णता लागून प्लॅस्टिसायझर वर्षानुवर्षे बाहेर निघून जातो. पहिल्या हिवाळ्यात उणे वीसला तग धरलेली वायर पाचव्या हिवाळ्यात त्याच थंडीत मोडू शकते.

रबराची गोष्ट वेगळी. त्याची लवचिकता उसनी नसते. नैसर्गिक रबर उणे सत्तरच्या आसपास पोहोचल्यावर काचेसारखे होते, तर वायरींसाठी वापरले जाणारे ईपीडीएम हे कृत्रिम रबर साधारण उणे पन्नासच्या पुढे. पीव्हीसी आणि रबर या दोन कुळांच्या मध्ये टीपीई नावाचा प्रकार आहे: प्लॅस्टिकसारखा वितळवून साच्यात ओतता येणारा, पण थंडीत रबरासारखा वागणारा. सिलिकोन यांच्याही पुढे जाते, उणे साठला मऊ राहते. मात्र ते सहज फाटते, म्हणून जमिनीवरून ओढायच्या वायरीला ते माझ्या मते निरुपयोगी.

आवरण कोणते, हे उत्तर अमेरिकेत वायरीवरच छापलेले असते, वाचता आले पाहिजे एवढेच. एस म्हणजे जबर वापराची, सहाशे व्होल्टची वायर. त्यापुढे जे आला तर धाकटी, तीनशे व्होल्टची. टी म्हणजे थर्मोप्लॅस्टिक, सहसा पीव्हीसीच. ई म्हणजे टीपीई. टी आणि ई दोन्ही नसतील तर रबर. एक ओ असेल तर बाहेरचे आवरण तेलाला दाद देत नाही, दोन ओ असतील तर आतल्या तारांचे इन्सुलेशनही. डब्ल्यू म्हणजे पाणी आणि ऊन सोसणारी, बाहेर वापरायची. अशा रीतीने एसजेटीडब्ल्यू ही दुकानातली सर्वांत स्वस्त बाहेरची वायर, एसजेईओओडब्ल्यू ही टीपीईची आणि एसओओडब्ल्यू ही जाडजूड काळी रबरी, जिच्यावरून ट्रक गेला तरी सहसा निभावते. अमेरिकेत रंगाला असा काही अर्थ नाही. भगवी, पिवळी, निळी ही विक्रेत्याची आवड. ब्रिटनमध्ये मात्र आहे: तिथल्या साइटवर पिवळी वायर एकशे दहा व्होल्टची, निळी दोनशे तीसची आणि थंडी सोसणारी जात ‘आर्क्टिक ग्रेड’ या नावाने मिळते. युरोपात साइटवर सर्रास दिसणारी एच०७आरएन-एफ ही रबरी वायर हलवत-वापरत असताना उणे पंचवीसपर्यंतच धरतात. उत्तरेकडे त्याहून थंडी पडते तिथे पॉलियुरेथेनच्या आवरणाची भगवी वायर घेतात.

अक्षरांशेजारी कधी उणे चाळीस, कधी उणे पन्नास असा आकडा छापलेला असतो. इथे ग्राहक फसतो. तो आकडा खोटा नसतो, पण त्याचा अर्थ वेगळा असतो. चाचणीत वायरीचा तुकडा त्या तापमानाच्या पेटीत काही तास ठेवतात, मग दांड्याभोवती गुंडाळतात आणि तडा गेला का ते पाहतात. तडा नाही म्हणजे पास. गुंडाळताना किती जोर लागला, हा प्रश्न परीक्षेतच नाही. त्यामुळे उणे पन्नास छापलेली पीव्हीसीची वायर आणि उणे पन्नासचीच टीपीईची वायर कागदावर सारखी दिसते, पण उणे तीसच्या सकाळी पहिली वेटोळ्याच्या आकारातच ताठ राहते आणि दुसरी हातमोजे घालूनही उलगडते. आकडा आणि अक्षरे जोडीने वाचावीत. दोहोंत विसंगती वाटली तर मी अक्षरांवर भरवसा ठेवीन.

आता तांब्याकडे. अमेरिकन गेज उलटे चालते, आकडा लहान तितकी तार जाड. सोळा गेजचा छेद सुमारे १.३ चौरस मिलिमीटर, चौदाचा २.१, बाराचा ३.३. दीड हजार वॉटचा साधा हीटर एकशे वीस व्होल्टवर साडेबारा अँपिअर खेचतो. तो शंभर फुटी सोळा गेजच्या वायरीवर लावला तर जाण्या-येण्याच्या दोनशे फुटांत दहा व्होल्ट गळतात आणि सुमारे सव्वाशे वॉट वायरीतच उष्णतेच्या रूपात जातात. बारा गेजमध्ये चार व्होल्ट आणि पन्नास वॉट. हे हिशेब वीस अंशांचे, उणे तीसला तांब्याच्या त्या सवलतीने नुकसान पाचव्या हिश्श्याने कमी होईल. हीटरला व्होल्टेज कमी मिळाले तर ऊब कमी, एवढेच. काँक्रीट फोडायच्या यंत्राची किंवा कॉम्प्रेसरची मोटर मात्र गारठलेल्या वंगणातून सुरू होताना आधीच जास्त करंट मागते, त्यात व्होल्टेज पडले की ती कण्हते, तापते आणि जळते. आपण दोनशे तीस व्होल्टवर असल्याने तेवढ्याच वॉटला जवळपास निम्मा करंट लागतो. तिकडची वायर आपल्याला उगाच जाड वाटते, त्याचे कारण हे. सहा किलोचे वेटोळे उचलून चौथ्या मजल्यावर नेणाऱ्याला हे कारण पटवणे अवघड, हेही खरे.

वायर ताठ झाली की कामगार ती पूर्ण उलगडत नाही. गरजेपुरते टोक ओढतो आणि उरलेले वेटोळे तसेच ठेवतो. भारी हीटर लावलेल्या वेटोळ्यातल्या थरांना आपली उष्णता बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे उणे वीसमध्येही वायर वितळू शकते. उपाय साधा आहे: रात्री वायरी गरम केबिनमध्ये ठेवायच्या आणि उबदार असतानाच उलगडून बाहेर न्यायच्या. गुंडाळताना कोपर आणि अंगठ्यामध्ये पिळत गुंडाळू नये, त्याने आतल्या बारीक तारा पिळवटतात. एक वेढा सुलट, एक उलट असे मोठे सैल वेढे घ्यावेत.

सर्वांत आधी मोडते ती प्लगजवळची मान. तिथे वायर पुन्हा पुन्हा वाकते आणि प्लगचा साचा बऱ्याचदा वायरीपेक्षा हलक्या पीव्हीसीचा असतो. चांगल्या टीपीई वायरीला स्वस्त प्लग जोडून विकण्याची युक्ती जुनीच आहे. दुकानात मान वाकवून पाहावी, शक्य असल्यास थंडीत.

तडा गेला की त्यात बर्फ शिरतो. तो गोठलेला असेपर्यंत सहसा काही होत नाही, पण दुपारी वितळला की शॉक बसतो. म्हणून अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेने बांधकामावरच्या तात्पुरत्या सॉकेटना एक तर गळती पकडणारा जीएफसीआय सक्तीचा केला आहे, नाही तर अर्थिंगच्या नियमित तपासणीची नोंदवही. बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी १९६१ मध्ये शोधलेले हे उपकरण चार ते सहा मिलिअँपिअरला वीज तोडते. आपल्या घरातला त्याच कामाचा आरसीसीबी सहसा तीस मिलिअँपिअरचा असतो. याच ओशाचा दुसरा नियम मला जास्त आवडतो: वायर खिळ्याला टांगायची नाही, स्टेपलने ठोकायची नाही आणि तुटलेली वायर जोडायची तर ती बारा गेज किंवा त्याहून जाड, जबर वापराच्या जातीचीच असली पाहिजे. जोडावरचे आवरणही मूळच्या तोडीचे हवे. त्याहून बारीक वायर तुटली तर ती फेकायची. आपल्या वायरमनच्या खिशातल्या काळ्या टेपला तिथे जागा नाही.

निवाडा विचारलात तर पारा उणे दहाच्या खाली जात नाही तिथे चांगली पीव्हीसी चालते. उणे वीसच्या पुढे, वायर रोज गुंडाळायची असेल, तर बारा गेजची एसजेईओओडब्ल्यू. यंत्रे वायरीवरून जाणार असतील किंवा तीक्ष्ण खडी असेल तर वजन सोसून एसओओडब्ल्यू. टीपीईची किंमत पीव्हीसीपेक्षा बरीच जास्त असते, पण दर हिवाळ्याला नवी स्वस्त वायर घेणारा ठेकेदार काही वाचवत नाही.

हे सगळे दूरदेशीचे वाटेल, पण आपल्याच देशात, हिमालयात, अशा साइट वाढत आहेत. सोनमर्ग बोगद्याचे उद्घाटन १३ जानेवारी २०२५ रोजी झाले. सुमारे तेरा किलोमीटरच्या झोजिला बोगद्याचे काम चालू आहे. शिंकुन ला इथे सुमारे १५,८०० फुटांवरच्या बोगद्याचा पहिला स्फोट जुलै २०२४ मध्ये झाला. बोगद्याच्या पोटात तापमान सौम्य असते, थंडी झोंबते ती तोंडाशी, जिथे जनरेटर, वेल्डिंग आणि काँक्रीटचा कारखाना उभा असतो. शिवाय एवढ्या उंचीवर ऊन प्रखर असते, आणि आवरणातला प्लॅस्टिसायझर उडवून ते थंडीचे काम सोपे करते. आपल्या बाजारात सहज मिळते ती आयएस ६९४ ची पीव्हीसी वायर, आपल्या हवामानासाठी उत्तम. रबरी कुळातल्या वायरींसाठी आयएस ९९६८ हे वेगळे मानक आहे, पण दुकानात ते नाव घेतले तर बऱ्याचदा ‘हेवी ड्यूटी’ असे मोघम उत्तर मिळते.

त्या भागात पुण्या-मुंबईचे किंवा नागपूरचे जे ठेकेदार आणि अभियंते काम घेत असतील त्यांना एवढीच विनंती: खरेदीच्या कागदावर ‘हेवी ड्यूटी’ लिहू नका. रबरी आवरण, आयएस ९९६८, २.५ किंवा ४ चौरस मिलिमीटर, तीन तारा आणि साइटवरच्या सर्वांत थंड रात्रीचे तापमान हे पाच तपशील लिहा. माल उतरवून घेण्याआधी वायरीवरची छपाई त्यांच्याशी ताडून पाहा आणि जुळत नसेल तर गाडी तशीच परत पाठवा.