‘बोट लागली’ म्हणून सोडून देऊ नका!

मैत्रिणींनो, बोटीवर उलट्या झाल्या की आपण म्हणतो, ‘बोट लागली!’ पण सोबत जुलाबही सुरू झाले, तर तो नोरोव्हायरस असू शकतो बरं का! जानेवारी २०१४ मध्ये ‘एक्सप्लोरर ऑफ द सीज’ या बोटीवर ६०० च्या वर प्रवासी आजारी पडले. कॅरिबियनची सफर अर्धवट टाकून बोट परतली.

खोलीत बसवून ठेवतील या भीतीने दुखणं लपवू नका. बोटीवरच्या डॉक्टरांना लगेच सांगा. हात साबणाने चोळून धुवा, नुसतं सॅनिटायझर पुरत नाही. जलसंजीवनी घोट घोट प्या: लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आणि बरं वाटलं तरी २ दिवस कुणाला वाढायला जाऊ नका, हं!