चौतीस अंशांची किमया

चांगल्या डार्क चॉकलेटची वडी मोडली की ‘टक्’ असा स्वच्छ आवाज येतो. तोच तुकडा जिभेवर ठेवला की दातांना काम न देता विरघळत जातो. २५ अंश सेल्सियसला कडक आणि तोंडातल्या ३७ अंशांना पूर्ण पातळ, असा हा पदार्थ. चव कोकोची असते, गोडी साखरेची. पण हा आवाज, ही चकाकी आणि हे विरघळणं मात्र कोको बटरचं कर्तृत्व असतं.

कोको बटर म्हणजे कोकोच्या बियांतलं स्निग्ध. दुधाशी त्याचा काही संबंध नाही. फळातून काढलेल्या बिया काही दिवस आंबवतात, उन्हात वाळवतात, भाजतात आणि टरफलं उडवून देतात. उरलेल्या गरात निम्म्याहून थोडं अधिक स्निग्धच असतं. त्यामुळे हा गर दळला तर कोरडं पीठ न होता घर्षणाच्या उष्णतेने दाट, काळसर, वाहता लगदा तयार होतो. तो दाबयंत्रात घालून पिळला की फिकट पिवळं कोको बटर वेगळं होतं आणि मागे पेंड राहते. ही पेंड दळली की आपल्या ओळखीची कोको पावडर मिळते.

पिळण्याची ही रीत ॲमस्टरडॅमच्या व्हॅन हाऊटेन घराण्याची. १८२८ मध्ये त्यांनी तिचं पेटंट घेतलं. तेव्हा युरोपात चॉकलेट प्यायचं पेय होतं आणि त्यावर तरंगणारा तेलकट थर लोकांना नकोसा वाटे. व्हॅन हाऊटेन यांना हवी होती कमी तेलाची, सहज मिसळणारी पावडर. बटर हे उरलेलं उत्पादन होतं. १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या ‘फ्राय अँड सन्स’ने याच बटरचा नवा उपयोग शोधला. कोको पावडर आणि साखरेत गरम पाणी न घालता त्यांनी वितळवलेलं कोको बटर घातलं आणि ते मिश्रण साच्यात ओतलं. प्यायचं चॉकलेट अशा रीतीने खायचं झालं. १८७९ मध्ये बर्नच्या रोडोल्फ लिंट यांनी चॉकलेट तासन्‌तास घोटणारं यंत्र आणलं. कोको आणि साखरेच्या प्रत्येक बारीक कणावर कोको बटरचा पातळ थर बसू लागला आणि जिभेला लागणारी कचकच गेली.

मग सगळीच तेलं आणि तुपं असं का वागत नाहीत? बहुतेक स्निग्धांत अनेक प्रकारच्या रेणूंची सरमिसळ असते. प्रत्येकाचा वितळण्याचा बिंदू वेगळा, म्हणून ती हळूहळू मऊ होत जातात. कोको बटरमध्ये मात्र पामिटिक, स्टिअरिक आणि ओलेइक या तीनच आम्लांचं राज्य चालतं. त्यातल्या बहुतांश रेणूंची घडणही एकसारखी असते: मध्ये ओलेइक आणि दोन्ही बाजूंना पामिटिक किंवा स्टिअरिक. घडण सारखी असल्याने ते जवळजवळ एकाच वेळी, ३४ अंशांच्या आसपास वितळतात. वितळताना जिभेची उष्णता ओढून घेतात, म्हणून उत्तम चॉकलेट तोंडात किंचित गार लागतं.

पण हे स्निग्ध हट्टी आहे. घरी कढवलेलं तूप सावकाश थंड झालं तर रवाळ होतं आणि फ्रीजमध्ये घाईने थिजवलं तर गुळगुळीत राहतं, हे प्रत्येक गृहिणीला माहीत असतं. तूप तेच, फक्त त्याचे स्फटिक वेगळ्या रीतीने जमतात. कोको बटर तर सहा प्रकारे थिजू शकतं. या सहा स्फटिकरूपांचं वर्गीकरण विले आणि लटन या संशोधकांनी १९६६ मध्ये मांडलं आणि ते आजही प्रमाण मानलं जातं. पहिलं रूप १७ अंशांच्या सुमाराला वितळतं, चौथं २७-२८ला, पाचवं ३४च्या जवळ आणि सहावं ३६ला. चॉकलेटवाल्याला यांतलं फक्त पाचवं हवं असतं. त्यातच चकाकी आहे, कडकपणा आहे आणि बोटांना न चिकटण्याचा गुण आहे.

ते पाचवं रूप मिळवण्याची कसरत म्हणजे टेम्परिंग. डार्क चॉकलेट आधी ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवतात; जुने सगळे स्फटिक पुसले जातात. मग ढवळत ढवळत, किंवा संगमरवरी फरशीवर पसरून उलथण्याने फिरवत, ते २७-२८ अंशांपर्यंत आणतात. आता चौथ्या आणि पाचव्या रूपाचे स्फटिक जमू लागतात. पुन्हा ३१-३२ अंशांपर्यंत तापवलं की चौथं रूप वितळून जातं आणि पाचवं तेवढं टिकतं. मिल्क आणि व्हाइट चॉकलेटमध्ये दुधाचं स्निग्ध असल्याने हेच आकडे दोन-तीन अंशांनी खाली येतात. सुरीच्या टोकावर थोडं चॉकलेट लावून ठेवायचं; थंड खोलीत ते पाचेक मिनिटांत चकाकत थिजलं तर काम जमलं. सोपा मार्गही आहे. तापवलेलं चॉकलेट ३४ अंशांच्या आसपास उतरलं की त्यात बारीक भुकटी केलेलं, आधीच योग्य रूपात असलेलं कोको बटर सुमारे १ टक्का मिसळायचं. बाकीचे रेणू त्याच्याच वळणाने रचले जातात.

पाचव्या रूपात रेणू दाटीने बसतात, त्यामुळे थिजताना चॉकलेट थोडं आकसतं. साचा उलटा केला की वड्या आपोआप सुटतात त्या याच कारणाने. टेम्परिंग बिघडलं तर त्या साच्याला चिकटून बसतात.

कोको बटरचं दुसरं मोठं काम म्हणजे चॉकलेटला वाहतं ठेवणं. वितळलेलं चॉकलेट म्हणजे कोको बटरच्या द्रवात तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण. बटर जितकं जास्त तितकं ते सैल वाहतं आणि पातळ कवच नीट बसतं. म्हणूनच मिठाईकारांच्या ‘कूव्हर्चर’ चॉकलेटमध्ये किमान ३१ टक्के कोको बटर लागतं. याच द्रवात पाण्याचे चार थेंब पडले तर साखर ते शोषून चिकट होते, कण एकमेकांना धरतात आणि भांड्यात घट्ट गोळा उरतो. त्यामुळे चॉकलेट रंगवायला पाण्यात विरघळणारे रंग चालत नाहीत. बॉनबॉन म्हणजे सारण भरलेल्या चॉकलेटवरची चमकदार नक्षी रंगीत कोको बटरचीच असते. ती आधी साच्यात फवारतात आणि मग चॉकलेट ओततात.

महाराष्ट्रातल्या उन्हाळ्याशी मात्र या स्निग्धाचं जमत नाही. विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा चॉकलेट आतून वितळतं आणि रात्री वाटेल त्या रूपात पुन्हा थिजतं. काही दिवसांनी त्यावर पांढुरका थर दिसतो. ती बुरशी नसते. पृष्ठभागावर आलेलं कोको बटर असतं. असं चॉकलेट खायला सुरक्षित आहे आणि वितळवून नव्याने टेम्पर केलं तर पहिल्यासारखं होतं. फ्रीजमध्ये ठेवायचंच असेल तर हवाबंद डब्यात ठेवावं आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आला की मगच उघडावा. नाहीतर हवेतलं बाष्प त्यावर जमून साखर वर येते.

इतकं लाडकं स्निग्ध महाग असणारच. आयव्हरी कोस्ट आणि घाना मिळून जगातला निम्म्याहून अधिक कोको पिकवतात. तिथलं पीक घसरलं आणि २०२४ मध्ये कोकोचा भाव टनाला १० हजार डॉलरच्या वर गेला. त्यामुळे स्वस्त पर्यायांचा मोह वाढतो. आपल्याकडे घरगुती चॉकलेटांसाठी सर्रास वापरलं जाणारं ‘कंपाउंड’ हा त्यातलाच पर्याय. त्यात कोको बटरच्या जागी बहुधा पाम कर्नलचं हायड्रोजनेटेड स्निग्ध असतं. टेम्परिंगची कटकट नाही, उन्हातही जरा टिकतं. पण तोंडात मेणचट थर रेंगाळतो. कंपाउंड आणि कूव्हर्चर एकत्र वितळवू नयेत. दोन्ही स्निग्धांचं जुळत नाही आणि वडी मऊ पडते.

चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय दुसरं स्निग्ध चालावं का, या प्रश्नावर युरोपात तीस वर्षं वाद रंगला. अखेर युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशाने कोको बटरखेरीज सहा वनस्पतींची स्निग्धं वापरायला परवानगी मिळाली, तीही ५ टक्क्यांपर्यंतच. त्या सहांत साल वृक्ष आणि आंब्याची कोय आहे आणि कोकणातला कोकमही आहे. तळहातात वळून गोळे केलेलं, भेगाळलेल्या टाचांना लावायचं कोकमतेल हेच ते स्निग्ध. कोको बटरमधल्या तीन मुख्य रेणूंपैकी एक त्यात भरपूर असतो आणि ते ४० अंशांच्या जवळ वितळतं. म्हणून थोडं मिसळलं तर कोको बटरची रचना न बिघडवता चॉकलेट उष्णतेला अधिक तोंड देतं. मैसुरूच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत यावर काम झालं आहे. कोकणातल्या कोकम उद्योगात आगळ आणि आमसुलं झाल्यावर उरणाऱ्या बियांना यातून चांगला भाव मिळू शकतो. त्याकडे गंभीरपणे पाहायला हवं.

भारतातही इतर वनस्पतिजन्य स्निग्ध ५ टक्क्यांपर्यंत चालतं आणि ते वेष्टनावर लिहावं लागतं. तेव्हा पुढच्या वेळी चॉकलेट घेताना किमतीबरोबर घटकांची यादीही वाचा. कोको बटर आहे की त्याच्या जागी हायड्रोजनेटेड स्निग्ध, हे तिथे कळतं. घरगुती चॉकलेट विकणाऱ्यांनी आपण काय वापरलं ते डब्यावर स्पष्ट लिहावं आणि लिहिलेलं नसेल तर ग्राहकाने न संकोचता विचारावं.