नौका वाऱ्यावर, संसार प्रेक्षकांवर

नोकरी सोडून शिडाच्या नौकेतून जगभर फिरायचे आणि त्या प्रवासाचे व्हिडिओ दाखवून पोट भरायचे, असे जगणारी अनेक जोडपी आज परदेशात आहेत. ही मेहनतीची कमाई आहे की लोकांच्या पैशांवर केलेली चैन? समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या भिलाईतही हा प्रश्न आता परका राहिलेला नाही.

भिलाईत रात्री जेवणे आटोपली, उद्या फर्स्ट शिफ्टला जाणारे झोपी गेले की घराघरांत मोबाइलचे पडदे उजळतात. कुठे क्रिकेट चालू असते, कुठे पाककृती, तर कुठे निळ्याशार पाण्यावर पांढरी शिडे फुगवून निघालेली एखादी नौका. या शहराच्या वाट्याला आलेले पाणी म्हणजे मरोदा जलाशय आणि शेजारच्या दुर्गजवळून वाहणारी शिवनाथ नदी. तरीही समुद्राशी भिलाईचे नाते अगदीच नाही असे नाही. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या 'विक्रांत' या विमानवाहू जहाजासाठी जे खास पोलाद लागले, त्यातले काही भिलाईच्या कारखान्यातून गेले होते. पोलाद समुद्रावर गेले आणि आता समुद्र मोबाइलमधून भिलाईच्या घरात आला आहे.

पाहणाऱ्याला सुरुवातीला मौज वाटते. नवरा सुकाणू धरून उभा आहे, बायको छोट्याशा स्वयंपाकघरात पाव भाजते आहे, मूल जाळीच्या कठड्याआड खेळते आहे. दहा-बारा भाग पाहून झाले की मात्र मनात प्रश्न येतो. ही माणसे नोकरी करीत नाहीत, धंदा करीत नाहीत, मग यांचा खर्च चालतो कसा?

पैसा येतो कुठून?

या चॅनेलांपैकी बरेच गाजलेले नाव म्हणजे 'सेलिंग ला व्हॅगाबॉन्ड'. रायली आणि एलेना या ऑस्ट्रेलियन जोडप्याने ते २०१४ मध्ये सुरू केले. रायली आधी तेलविहिरींवर काम करीत असे. त्या कमाईतून त्याने नौका घेतली, तेव्हा त्याला नौकानयनाचा फारसा अनुभव नव्हता. पुढे त्यांचे नाव इतके झाले की २०१९ मध्ये स्वीडनची पर्यावरण कार्यकर्ती ग्रेटा थनबर्ग अमेरिकेहून युरोपला परतताना विमानाऐवजी त्यांच्याच नौकेतून आली. १३ नोव्हेंबरला व्हर्जिनियाहून निघालेली ही नौका ३ डिसेंबरला लिस्बनला पोहोचली.

अशा चॅनेलांच्या उत्पन्नाचे चार-पाच मार्ग असतात. पहिला मार्ग जाहिरातींचा. व्हिडिओच्या आधी किंवा मध्ये जी जाहिरात दिसते, तिच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा यूट्यूब व्हिडिओ बनवणाऱ्याला देते आणि ४५ टक्के स्वतः ठेवते. मात्र हा वाटा मिळायला आधी पात्र ठरावे लागते. २०१८ पासूनचा नियम असा की चॅनेलचे किमान १,००० सदस्य हवेत आणि मागच्या बारा महिन्यांत त्यावरचे व्हिडिओ एकूण किमान ४,००० तास पाहिले गेलेले हवेत. छोट्या 'शॉर्ट्स'साठी निकष वेगळे आहेत.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. पैसा प्रेक्षकांच्या संख्येवर ठरतो, तसाच प्रेक्षक कोण आहे यावरही ठरतो. अमेरिकेतल्या निवृत्त माणसासमोर जाहिरात दाखवायला कंपन्या जो भाव देतात, तो छत्तीसगडच्या गावातल्या प्रेक्षकासाठी देत नाहीत. त्यामुळे एक लाख वेळा पाहिलेल्या इंग्रजी व्हिडिओची कमाई आणि तितक्याच वेळा पाहिलेल्या मराठी किंवा छत्तीसगढी व्हिडिओची कमाई यांत मोठे अंतर पडते.

दुसरा मार्ग थेट प्रेक्षकांच्या वर्गणीचा. २०१३ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'पॅट्रिऑन' या संकेतस्थळावर चाहते आपल्या आवडत्या कलावंताला दरमहा किंवा दर व्हिडिओमागे ठरावीक रक्कम देतात. समजा, एखाद्या चॅनेलला २०० जण दरमहा ५ डॉलर देत असतील, तर महिन्याला १,००० डॉलर होतात. त्यातून संकेतस्थळ आपला हिस्सा कापून घेते. जाहिरातीचे दर महिन्यागणिक वरखाली होतात. वर्गणीचा पैसा त्या मानाने स्थिर असतो. म्हणूनच नौकेवरची कुटुंबे लाखो अनोळखी प्रेक्षकांपेक्षा काहीशे निष्ठावान वर्गणीदारांना अधिक जपतात.

याशिवाय दोरखंड, शिडे, सौर पॅनेल, कपडे यांच्या कंपन्या प्रायोजक होतात. काहीजण टोप्या, टी-शर्ट, पुस्तके विकतात. काही पैसे घेऊन पाहुण्यांना नौकेवर नेतात.

आणि जातो कुठे?

शिडे वाऱ्यावर चालतात, वारा फुकट असतो. पण नौका फुकट चालत नाही. खारे पाणी सगळे काही खात असते. नौकेचा तळ ठरावीक काळाने पाण्याबाहेर काढून खरवडावा आणि रंगवावा लागतो. शिडे फाटतात, डोलकाठीच्या तारा बदलाव्या लागतात, इंजिन बिघडते. विमा आणि बंदरांचे शुल्क वेगळेच. वर्षाच्या देखभालीला नौकेच्या किमतीच्या साधारण दहा टक्के रक्कम धरावी, असा नौकावाल्यांचा जुना ठोकताळा आहे. नौका ५० लाखांची असेल तर वर्षाला ५ लाख बाजूला काढावे लागतील. त्यात घरखर्च, कॅमेरे आणि उपग्रहामार्फत मिळणारे महागडे इंटरनेट यांची भर पडते.

मोजक्या चॅनेलांची कमाई डोळे दिपवणारी असते. पण आठवड्याला एक व्हिडिओ टाकूनही देखभालीचा खर्च न निघणारी चॅनेले कितीतरी अधिक आहेत. ती कधी बंद पडतात हे कुणाला कळतही नाही. शेवटचा व्हिडिओ येतो आणि पुढे नुसती शांतता.

मते दोन

या कमाईबद्दल लोकांची मते टोकाची आहेत. एक गट म्हणतो, धडधाकट माणसांनी आपल्या सहलीसाठी लोकांपुढे हात का पसरावा? शिवाय प्रेक्षक टिकवण्यासाठी साध्या वादळाचे महासंकट केले जाते आणि शीर्षकात 'आम्ही बुडता बुडता वाचलो' असे लिहून आत फक्त पंप बिघडल्याची गोष्ट निघते. कुणी अंगप्रदर्शनाचा आधार घेतो. प्रायोजकाची वस्तू फुकट मिळाली की तिच्यातला दोष कसा सांगणार, हाही प्रश्न असतोच.

दुसऱ्या गटाचे म्हणणेही खोटे नाही. दिवसभर नौका हाकायची, रात्री पहारा द्यायचा आणि उरल्या वेळात चित्रीकरण, संकलन करायचे, हे कामच आहे. वर्गणी कुणी बळजबरीने घेत नाही. आपण तिकीट काढून नाटक पाहतो, मग आवडलेल्या व्हिडिओसाठी कुणी पाच डॉलर दिले तर बिघडले कुठे? भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंनी पंडवानी गाऊन नाव आणि पोट दोन्ही मिळवले, त्याला कुणी भीक म्हटले नाही. कथा सांगून जगणे ही आपल्याकडची जुनीच रीत आहे.

वाद मिटवायची एक साधी कसोटी आहे. पैसे कुणाकडून घेतले हे प्रेक्षकाला उघडपणे सांगितले आहे का? सांगितले असेल तर तो व्यवहार, लपवले असेल तर ती फसवणूक. भारतातही आता हा केवळ नीतीचा प्रश्न राहिलेला नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे, भेटवस्तू किंवा मोफत सहल घेऊन एखाद्या वस्तूची भलामण करणाऱ्याने ते स्पष्ट, सहज दिसेल अशा शब्दांत सांगितले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे.

आपल्याकडची नौका

मराठी माणसाने हा प्रवास वेगळ्या मार्गाने केला आहे. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणजे नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे. 'सागर परिक्रमा' ही कल्पना निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. ५६ फुटी 'म्हादेई' गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधली गेली. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघालेले दोंदे चार ठिकाणी थांबून मे २०१० मध्ये परतले. पुढे त्याच गोदीत बांधलेल्या 'तारिणी'तून नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये जग फिरून आल्या. त्यानंतर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात तीच प्रदक्षिणा दोघींच्याच बळावर पुरी केली.

या सफरींमागे नौदल उभे होते. पगार चालू होता, नौका सरकारी होती, संकटात शोधायला यंत्रणा होती. तरीही समुद्र कुणाची गय करीत नाही. २०१८ मध्ये 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत अभिलाष टॉमी वादळात सापडले, त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली आणि दुसऱ्या जहाजाने त्यांना वाचवले. बरे होऊन त्यांनी पुन्हा तीच शर्यत केली आणि २०२३ मध्ये दुसरा क्रमांक मिळवला. हसतमुख जोडप्याचा वीस मिनिटांचा व्हिडिओ पाहून 'यात काय अवघड आहे' असे वाटू लागले, तर ही घटना जरूर आठवावी.

भिलाईच्या शेजारचे यूट्यूबचे गाव

समुद्र नसला तरी चॅनेलचा व्यवसाय छत्तीसगडला नवा नाही. रायपूर जिल्ह्यातले तिल्दा-नेवरा भागातील तुलसी हे गाव आज 'यूट्यूबचे गाव' म्हणून ओळखले जाते. बँकेत नेटवर्क अभियंता असलेला एक तरुण आणि त्याचा शिक्षक मित्र यांनी २०१८ च्या सुमारास छत्तीसगढी विनोदी व्हिडिओंचे चॅनेल काढले. आरंभी दुसऱ्यांचे साहित्य वापरल्याने स्वामित्वहक्काच्या अडचणी आल्या, तेव्हा त्यांनी स्वतःचे लेखन सुरू केले. बातम्यांनुसार सुमारे चार हजार वस्तीच्या या गावात हजारावर माणसे या ना त्या प्रकारे व्हिडिओंच्या कामात आहेत. त्यांत शेतकरी आहेत, गृहिणी आहेत, आजीबाईही आहेत. २०२३ मध्ये सरकारने गावात सुसज्ज स्टुडिओही उभारून दिला.

तुलसीकडून शिकण्यासारखे बरेच आहे. तिथल्या माणसांनी दूरदेशीची स्वप्ने दाखवली नाहीत. आपल्या घरचे, शेतातले, बोलीतले विनोद दाखवले. खर्च कमी ठेवला. आणि बहुतेकांनी शेती किंवा दुसरे काम हाताशी ठेवले.

घरात हा विषय निघाला तर

आता भिलाईतल्या एका मराठी घराची कल्पना करा. वडील कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. मुलगा खाजगी कंपनीत नोकरीला आहे. एक दिवस तो म्हणतो, "आई, मी नोकरी सोडतोय. चॅनेल काढणार." आई म्हणते, "अरे, लग्नाचं वय झालंय तुझं. लोकांना सांगू काय?" वडील वर्तमानपत्र बाजूला ठेवतात आणि घरात अबोला सुरू होतो.

वडिलांची भीती खोटी नाही. भिलाईच्या कारखान्यातल्या पक्क्या नोकरीने दोन पिढ्यांना क्वार्टर, दवाखाना, शाळा दिली. पण त्या नोकऱ्या आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत, हे मुलाचे म्हणणेही खरे आहे. अशा वेळी अबोल्यापेक्षा हिशेब अधिक उपयोगी पडतो.

नोकरी न सोडता वर्षभर सुट्टीच्या दिवशी व्हिडिओ करून पाहावेत. सातत्य टिकते का, हे तेवढ्यात कळते. राजीनामा देण्याआधी किमान वर्षाचा घरखर्च शिलकीत असावा. कॅमेरा कर्जाने घेऊ नये. उत्पन्न सुरू झाले की पहिल्या दिवसापासून वही ठेवावी, कारण यूट्यूबचा पैसा करपात्र असतो. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपलीकडे गेली की जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो, तर प्रचारासाठी मिळालेल्या महागड्या वस्तूही १ जुलै २०२२ पासून कराच्या जाळ्यात आल्या आहेत. जाणकार कर सल्लागाराची फी इथे वाया जात नाही.

घरातल्या मुलांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. नौकेवरच्या कुटुंबांत बाळाचा जन्म, आजारपण, रडणे सारे काही प्रेक्षकांपुढे येते, कारण तेच अधिक पाहिले जाते. त्या मुलाला मात्र कुणी विचारलेले नसते. फ्रान्सने २०२० मध्ये कायदा करून १६ वर्षांखालील मुलांच्या अशा कमाईचा हिस्सा त्यांच्या नावे सुरक्षित ठेवण्याची सोय केली. आपल्या घरात कायद्याची वाट कशाला पाहायची? मुलाचे जे क्षण तो मोठा झाल्यावर त्याला लाजवतील, ते कॅमेऱ्यापुढे आणू नयेत, एवढा नियम आईवडीलच करू शकतात.

आणि जे फक्त पाहणारे आहेत त्यांचे काय? त्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फुकट दिसणारी ती सफर फुकट नसते. जाहिरात पाहताना आपण वेळ देतो, वस्तू विकत घेताना पैसे देतो, वर्गणी भरतो तेव्हा विश्वास देतो. म्हणून आवडलेल्या चॅनेलला मदत करायची तर खुशाल करावी, पण घरखर्चाच्या पैशातून नव्हे, करमणुकीसाठी काढून ठेवलेल्या पैशातून.

शिडात वारा भरला म्हणजे प्रवास झालाच असे नाही. सुकाणू आणि नांगर दोन्ही धड असावे लागतात. ज्या घरात हिशेब उघडा आहे आणि बोलणे बंद पडलेले नाही, त्या घरातल्या मुलाने चॅनेल काढले काय किंवा नोकरी केली काय, काळजीचे कारण नाही.