करार कुठवर बांधतो?
खेळाडूंच्या नकारातून कारागिरांनी घ्यावयाचा धडा

नाचणगाव : क्रिकेटचा हंगाम आला की येथील पानठेल्यावर एक वाद हटकून निघतो. संघाने करोडो रुपये मोजून घेतलेला खेळाडू ‘मी येत नाही’ असे म्हणतोच कसा? आम्हाला या वादात खेळापेक्षा धंद्याचा प्रश्न अधिक दिसतो. शिलाईचे दुकान असो, गॅरेज असो की सुताराचा कारखाना, कारागीर आणि मालक यांच्यातही हाच प्रश्न उभा राहतो.

आधी खेळाडूंचे पाहू. अमेरिकेत नव्या खेळाडूला कोणता संघ घेणार, हे संघच पाळीपाळीने ठरवितात. खेळाडूला विचारले जात नाही. २००४ साली ईली मॅनिंग या फुटबॉलपटूने सॅन दिएगोच्या संघाकडून खेळणार नाही, असे आधीच सांगितले होते. तरी त्या संघाने त्याला निवडले आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या संघाला देऊन टाकले. मॅनिंगने कोणताही शब्द मोडला नाही, कारण त्याने तो दिलाच नव्हता.

आयपीएलची गोष्ट वेगळी. येथे खेळाडू स्वतः लिलावात नाव देतो. इंग्लंडच्या हॅरी ब्रूकला नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात दिल्लीने सव्वासहा कोटींना घेतले. मार्च २०२५ मध्ये त्याने माघार घेतली आणि नियमाप्रमाणे त्याच्यावर २ वर्षांची बंदी आली. त्याआधी २०१० साली रवींद्र जडेजालाही दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याबद्दल पूर्ण हंगाम बाहेर बसावे लागले होते.

तिसरे उदाहरण आपल्या श्रीरामपूरच्या जहीर खानचे. २००० साली त्याने जाहिरातींच्या कामासाठी एका कंपनीशी ३ वर्षांचा करार केला. मुदत संपल्यावरही दुसऱ्याचा देकार आला तर तो आधी आम्हाला दाखवावा व तेवढेच देण्याची संधी आम्हाला द्यावी, अशी त्यात अट होती. मुदत संपल्यावर जहीरने नकार दिला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. २००६ साली निकाल जहीरच्या बाजूने लागला. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे माणसाला त्याच्या धंद्यापासून अडविणारा करार तेवढ्यापुरता रद्द ठरतो.

मग मुदत चालू असताना काय? १९६७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे कल्याणच्या एका कारखान्यातील कर्मचाऱ्याचे प्रकरण आले. ५ वर्षांचा करार करून तो मध्येच दुसऱ्या कारखान्यात गेला होता. मुदतीपर्यंत तसेच काम दुसरीकडे करण्यास त्याला मनाई झाली. मात्र त्याच मालकाकडे काम करच, अशी सक्ती न्यायालय करीत नाही.

यातून आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंनी एवढे ध्यानात ठेवावे. मुदत ठरवून सही केली असेल तर ती पाळावी. मध्येच सोडल्यास नुकसानभरपाईचा दावा होऊ शकतो. मुदत संपली की कारागीर मोकळा. ‘याच गावात दुकान टाकू नकोस’ ही अट त्याच्यावर चालत नाही. दुकान नावलौकिकासह विकणाऱ्यावर मात्र वाजवी हद्दीपुरती अशी अट घालता येते. उचल हे कर्ज आहे, ते फेडलेच पाहिजे. पण उचलीपोटी माणसाला जबरीने राबविणे १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने गुन्हा आहे.

करार पुरे करा, असा हुकूम सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे, आणि उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरात आहे. आपल्याकडे बहुतेक भांडणे शब्द मोडल्याने नव्हे, तर मुदत न लिहिल्याने होतात. म्हणून उस्ताद असो वा शागीर्द, रक्कम, काम आणि मुदत या तीन गोष्टी दोन साक्षीदारांसमोर कागदावर आणाव्यात. मग राहणाऱ्याचीही इज्जत राहते आणि जाणाऱ्याचीही.